कोकणी ताटातील कर्बोदके कमी करून रक्तातील साखर कशी आवरावी

मधुमेहाचे निदान झाले की कोकणातील बहुतेक घरांत चहातील साखर त्याच दिवशी बंद होते, लाडवांचा डबा वरच्या फळीवर जातो आणि ताटातील भात मात्र पूर्वीइतकाच राहतो. तीन महिन्यांनी तपासणीचा अहवाल हातात पडतो तेव्हा ‘गोडाला हातही लावला नाही, मग साखर का वाढली?’ असा प्रश्न अगदी मनापासून विचारला जातो. त्याचे उत्तर भातात, तांदळाच्या भाकरीत, घावनात आणि पेजेत आहे. गोड सोडण्याचा निग्रह ज्यांनी दाखवला, त्यांना हे कोणी वेळेवर आणि नीट समजावून सांगितलेले नसते, म्हणून हे मार्गदर्शन.

तांदळातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. लाळेतील आणि स्वादुपिंडाच्या रसातील विकरे ती साखळी तोडतात आणि मोकळे झालेले ग्लुकोज लहान आतड्यातून रक्तात उतरते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि साखरेची पातळी दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम असेल तर त्या सर्व रक्तात मिळून ग्लुकोज असते सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. याउलट १५० ग्रॅम शिजलेल्या भातातून ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात. निरोगी शरीरात इन्सुलिन तत्परतेने स्रवते आणि हे ग्लुकोज स्नायूंत व यकृतात पोहोचवते. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, सुरुवातीचा जोरदार स्राव मंदावलेला असतो आणि त्यामुळे जेवणानंतरची साखर चढते व चढलेली राहते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ ही पातळी त्या मानाने फारच कमी आणि सावकाश बदलतात. कमी कर्बोदकांच्या आहारामागील तर्क एवढाच आहे की जे ग्लुकोज शरीराला सांभाळता येत नाही, ते मुळात कमी आत जावे.

या तर्काला पुरावाही आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या आहारविषयक अहवालात कर्बोदकांचे एकूण प्रमाण कमी करण्याला साखर सुधारण्यासाठी सर्वाधिक पुरावा असल्याचे नमूद केले आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२१ साली टाइप २ मधुमेहावरील २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या टप्प्यावर एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्क्यांखाली आलेल्यांचे प्रमाण कमी कर्बोदके घेणाऱ्या गटात ५७ टक्के, तर तुलनेच्या गटात ३१ टक्के होते. मात्र बारा महिन्यांनंतर हा फरक बराच ओसरला. माझ्या मते त्या विश्लेषणातून घरी नेण्यासारखी गोष्ट हीच आहे: सहा महिने कडक पथ्य पाळून पुन्हा जुन्या ताटाकडे वळण्यापेक्षा वर्षानुवर्षे टिकेल असा मध्यम बदल अधिक उपयोगाचा.

त्या चाचण्यांत दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके, किंवा एकूण उष्मांकांच्या २६ टक्क्यांपेक्षा कमी, असा आहार ‘कमी कर्बोदकांचा’ मानला गेला. ५० ग्रॅमच्या खाली गेले की तो ‘अत्यल्प’ वर्गात मोडतो. भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी साधारण ६० टक्क्यांहून अधिक वाटा कर्बोदकांचा असतो, म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात ३०० ग्रॅमच्या आसपास. आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२२ साली मांडलेल्या शिफारशीत नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी हे प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावे आणि प्रथिने १९-२० टक्क्यांपर्यंत वाढवावीत असे सुचवले आहे. त्याच पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी या आकड्याची दखल घ्यायलाच हवी.

ताटाला हात लावण्यापूर्वी औषधांचा विचार

हा भाग कोणीही वगळू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना भात एकदम निम्मा केला, तर पूर्वीच्या भाताच्या हिशेबाने ठरलेली मात्रा आता जास्त ठरते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून आहार बदलण्याच्या आधी, बदलल्यानंतर नव्हे, डॉक्टरांना भेटून मात्रेविषयी विचारावे. तज्ज्ञ डॉक्टर रत्नागिरीला किंवा कुडाळला आणि आपण आडवाटेच्या वाडीत, अशी स्थिती असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना गोळ्यांची पाकिटे दाखवावीत. नावे तोंडी सांगण्यात घोटाळा होतो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना वेगळा धोका असतो. कर्बोदके फारच कमी केली तर त्यांच्या रक्तात कीटोन आम्ले साठू शकतात आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने घरच्यांना धोक्याची कल्पनाही येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागणे किंवा असह्य थकवा जाणवल्यास आकडा बरा दिसतो म्हणून घरी थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर खूप उतरण्याचा धोका बराच कमी असतो. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा वयोमानाने वजन घटत चाललेली व्यक्ती, या परिस्थितींत डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय हा आहार सुरू करूच नये.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा हातपाय थरथरणे, घाम, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी. अशा वेळी लाडू किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातील तुपामुळे वा चरबीमुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. होडीवर जाणाऱ्याने ग्लुकोजची पुडी प्लास्टिकमध्ये बांधून जवळ ठेवावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे तांडेलाला व सोबतच्या खलाशांना सांगून ठेवावे. काजूच्या हंगामात उर्राक किंवा फेणी घेणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की मद्यामुळे यकृताचे ग्लुकोज सोडण्याचे काम मंदावते आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या मद्यानंतर साखर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही, उतरू शकते.

भात किती, हे डोळ्यांनी ठरवू नये

‘थोडाच भात घेतो’ यातला थोडा प्रत्येक घरात निराळा असतो. त्यामुळे सुरुवात मोजण्यापासून करावी. स्वयंपाकघरातील लहान वजनकाट्यावर आमटीची एक वाटी रिकामी ठेवून तिचे वजन पाहावे, मग तीत शिजलेला भात न दाबता काठोकाठ भरून पुन्हा वजन करावे. वाटीच्या आकाराप्रमाणे १०० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान आकडा येईल. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कर्बोदके धरावीत. हीच वाटी पुढे रोजचे माप म्हणून ठेवावी आणि भात ताटात डावाने न वाढता या वाटीनेच उपडा करावा. मऊ शिजवलेला नवा भात वाटीत घट्ट बसतो, उकड्या तांदळाचा भात मोकळा राहतो, त्यामुळे तांदूळ बदलला की वजन पुन्हा एकदा पाहिलेले बरे.

उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा काहीसा सावकाश पचतो, हे खरे आहे. पण कर्बोदके त्यातही जवळपास तेवढीच असतात. उकड्याची पेज ‘हलकी’ म्हणून दोन-दोन वाडगे प्यायल्यास त्याचा काही उपयोग होत नाही. नाचणीच्या बाबतीत गैरसमज आणखी पक्का आहे. नाचणीत तंतू १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास असतात, कॅल्शियमही भरपूर असते आणि ती आहारात जरूर असावी. परंतु कर्बोदके त्यातही ६६-६७ ग्रॅम आहेत. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ३३ ग्रॅम येतात, तेवढ्याच तांदळाच्या पिठाच्या भाकरीतून ३९ ग्रॅमच्या जवळपास. फरक आहे, पण नाचणीच्या तीन भाकऱ्या खाव्यात एवढा नाही. वस्त्रगाळ केलेले नाचणीचे सत्त्व तर बरेचसे तंतू गमावून बसते आणि लवकर पचते, म्हणून मधुमेही माणसाला ‘पौष्टिक’ म्हणून सकाळी ते देण्याची पद्धत थांबवावी.

रात्रीचा भात थंड करून दुसऱ्या दिवशी गरम केल्यास त्यातील काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जाते, असे वाचून काही जण शिळा भात खाऊ लागले आहेत. हा फायदा लहान आहे आणि किनाऱ्यावरील दमट, उबदार हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. तासाभरात फ्रिजमध्ये ठेवता येत नसेल तर हा प्रयोग करू नये.

कमी केलेल्या भाताची जागा रिकामी राहिली तर माणूस उपाशी राहतो आणि चार वाजता बिस्किटांचा पुडा फोडतो. ही जागा भरण्यासाठी लागणारे बहुतेक सर्व काही कोकणात दारात मिळते. बांगडा, तारली, सुरमई, मांदेली, बोंबील यांत कर्बोदके जवळजवळ नसतातच. १०० ग्रॅम बांगड्यातून १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि बांगडा-तारलीसारख्या स्वस्त माशांत ओमेगा-३ स्निग्धाम्लेही चांगल्या प्रमाणात असतात. तळताना रव्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा जाड थर लावण्याऐवजी नुसते आगळ (कोकमाचा घट्ट रस), हळद, तिखट आणि मीठ लावून तव्यावर थोड्या तेलात परतावे, किंवा तिखले करावे. शाकाहारी घरात मुगाची किंवा कडव्या वालांची उसळ, दही, ताक, पनीर यांवर भर द्यावा; कडधान्यांत कर्बोदके असली तरी तंतू आणि प्रथिने सोबत असल्याने त्यांचा चढ भातासारखा नसतो. कुळथाचे पीठ १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने देते आणि एका माणसाच्या पिठीला ते २५ ग्रॅम पुरते. पण पिठी भातावर ओतून खाण्याऐवजी वाडग्यात घेऊन प्यावी, भात तिच्या सोबतीला असावा.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मासे वाढताना तुकड्या आधी मुलांच्या आणि पुरुषांच्या ताटात जातात आणि घरातील बाई सर्वांत शेवटी उरलेल्या कालवणाबरोबर भात जेवते. तिलाच मधुमेह असेल तर या एका रिवाजामुळे तिच्या ताटात कर्बोदकेच उरतात. तिच्या वाटणीच्या दोन तुकड्या आणि भाजी स्वयंपाक होताच वेगळी काढून ठेवावी, आणि हे काम घरातील इतरांनी स्वतःहून करावे.

दिवसभराचा हिशेब असा मांडता येईल. सकाळी बिनसाखरेचा चहा, दोन अंड्यांचे आम्लेट आणि नाचणीची अर्धी भाकरी: सुमारे २० ग्रॅम. दुपारी बांगड्याचे तिखले, पडवळ किंवा अळूची भाजी, काकडी, बिनसाखरेची सोलकढी आणि १०० ग्रॅम भात: ५० ग्रॅमच्या आसपास. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि चहा: आठेक ग्रॅम. रात्री कुळथाची पिठी, भाजी आणि ४० ग्रॅम पिठाची एक लहान भाकरी: साधारण ५५ ग्रॅम. बेरीज १३० च्या जवळ येते आणि ताट कोकणीच राहते. पहिल्याच आठवड्यात इथवर येण्याची घाई मात्र करू नये. आधी पेयांतील साखर, मग न्याहारी, मग रात्रीचा भात आणि शेवटी दुपारचा, या क्रमाने गेले तर औषधे जुळवून घेण्यास डॉक्टरांनाही अवधी मिळतो. पहाटे स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे अनेकांची साखर न्याहारीनंतर सर्वांत जास्त चढते, म्हणून आंबोळ्या, घावन आणि पोह्यांची पाळी भाताच्या आधी लागते.

जेवताना क्रमही महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांवर केलेल्या छोट्या अभ्यासात तेच जेवण भाज्या व प्रथिने आधी आणि कर्बोदके शेवटी या क्रमाने दिल्यावर जेवणानंतरची साखर स्पष्टपणे कमी चढली. अभ्यास लहान असला तरी करून पाहण्यात तोटा काहीच नाही: आधी भाजी, काकडी आणि मासे, मग भात.

नारळाबाबत थोडे तारतम्य हवे. ओल्या खोबऱ्यात कर्बोदके कमी, पण संपृक्त चरबी पुष्कळ असते. वाटणातील खोबरे आणि सोलकढी यांना हरकत नाही. भात कमी केला म्हणून नारळाचा रस वाटीवाटीने पिऊ नये. सुके मासे प्रथिनांनी समृद्ध असले तरी मिठाने भरलेले असतात, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी ते धुऊन, भिजवून आणि क्वचित खावेत. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास शहाळ्यातील पोटॅशियमही विचारात घ्यावे लागते.

ग्लुकोमीटरने स्वतःच्या ताटाची परीक्षा

कोणत्या पदार्थाने किती साखर चढते हे माणसागणिक बदलते, त्यामुळे दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा स्वतः मोजावे. ज्या जेवणाची परीक्षा घ्यायची, त्याच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा तपासावे. वेळ जेवण संपल्यापासून धरण्याची चूक सर्रास होते. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे प्रौढांसाठीचे लक्ष्य असते; वृद्धांसाठी किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात. समजा, दोन वाट्या भाताच्या जेवणात आकडा १२० वरून २३० वर गेला, तर दुसऱ्या दिवशी तेच कालवण, तीच भाजी आणि एक वाटी भात घेऊन पुन्हा पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशामुळे काय झाले हे कळते. वहीत आकड्याशेजारी ताटात काय होते तेही लिहावे, कारण नुसत्या आकड्यांवरून डॉक्टरांना फारसे सांगता येत नाही.

टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा कापल्यावर बोटांवर राहिलेला अदृश्य रससुद्धा आकडा खूप वाढवून दाखवू शकतो आणि घाबरून जादा गोळी घेतली जाते. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, तिथे दुखते कमी. पट्ट्या त्यांच्या मूळ डबीतच ठेवाव्यात आणि झाकण लगेच लावावे. पावसाळ्यातील दमट हवा लागलेल्या पट्ट्या चुकीचे आकडे देतात. पट्ट्यांचा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, हे मान्य करून सांगतो की रोज तपासणे आवश्यक नसलेल्यांनी आठवड्यातून दोन-तीन जेवणे निवडून तपासली तरी पुरेसे शिकायला मिळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र यात काटकसर करू नये.

हंगाम आणि सणवार

हापूसच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात. आंबा पूर्ण वर्ज्य करण्याची गरज बहुतेकांना नसते. परंतु त्या जेवणात अर्धा आंबा घ्यायचा तर भात किंवा भाकरी सोडावी, आणि आमरस गाळून पिण्याऐवजी फोडी खाव्यात. फणसाचे पिकलेले गरे गोड आणि त्याच्या आठळ्या पिष्टाने भरलेल्या असतात. कोवळ्या फणसाची भाजी त्या मानाने बरीच चांगली. कोकम सरबत साखरेच्या पाकातले असते, म्हणून आगळ, पाणी, मीठ आणि जिरेपूड एवढ्यावर भागवावे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्याला जोडूनच श्रावण येतो. नेमक्या याच काळात ताट पुन्हा भाताकडे झुकते. अंडी, कुळीथ, वाल, मूग यांची बेगमी मे महिन्यातच करावी. पावसात उगवणारा टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या भरपूर खाव्यात. उपवासाला साबुदाणा हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि प्रथिने जवळपास शून्य. दही, ताक, शेंगदाणे आणि काकडीवर उपवास होऊ शकतो, पण साखर उतरवणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना उपवास करावा की नाही हे आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. गणपतीत उकडीचा मोदक प्रसाद म्हणून एक खावा, जेवणाच्या शेवटी खावा आणि त्या ताटातला भात त्याच्या बदल्यात वगळावा. पाहुण्यांनी आग्रह करू नये, ही अपेक्षा यजमानानेच पंगतीत बोलून दाखवली तर मधुमेही माणसावरचा मोठा भार उतरतो.

नव्या ताटाला तीन महिने झाले की एचबीएवनसी करावी, कारण ती तपासणी साधारण तेवढ्याच काळातील सरासरी दाखवते. बहुतेक प्रौढांसाठी ७ टक्क्यांखालील आकडा अपेक्षित धरला जातो. त्याच वेळी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि रक्तातील चरबीसाठी लिपिड प्रोफाइलही करून घ्यावे. मासे आणि भाज्यांवर भर देणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड बहुधा उतरलेले दिसतात, तर नारळ, तूप आणि मटण यांवर भर देणाऱ्यांपैकी काहींचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढते. तसे झाले तर कर्बोदके पुन्हा न वाढवता स्निग्ध पदार्थांचा प्रकार बदलावा. वही आणि गोळ्यांची पाकिटे या भेटीलाही सोबत न्यावीत, म्हणजे कोणती मात्रा कमी करता येईल हे डॉक्टरांना समोर आकडे ठेवून ठरवता येते.